मुसीवाच्या गळ्यातली दोरी

मी एक जुनी दोरी आहे, मित्रांनो. शेळीच्या गळ्यात बांधतात ती. एका टोकाला फास, दुसऱ्या टोकाला गाठ, आणि मधे तीन ठिकाणी झिजून तंतू बाहेर आलेले. दोरीचं चरित्र कोणी विचारत नाही, हे मला ठाऊक आहे. पण मी जे पाहिलं ते सांगितल्याशिवाय मला कुजून जायचं नाही. थोडा राग आहे, तो सहन करा.

माझा जन्म सावे नदीच्या काठचा. तिथे पाऊस कमी आणि गोरखचिंचेची झाडं भरपूर. या झाडाच्या सालीच्या आत एक मऊ थर असतो. तो सोलायचा, भिजवायचा, कुटायचा, वाळवायचा, आणि मग मांडीवर घोळवून पीळ द्यायचा. हे काम आमच्याकडे बायका करतात. मला पीळ दिला शुवाईनं. तेव्हा ती नुकती लग्न होऊन आली होती. तिच्या मांडीवर एकही केस उरलेला नव्हता, सगळे आमच्या पिळात गेले होते.

खरं सांगायचं तर मी उरलेली आहे. शुवाई तेव्हा एक चटई विणत होती. मोठी, दोन माणसं ऐसपैस झोपतील अशी. तिच्या काठाला तिनं एक खास वीण घातली होती: तीन धागे लाल, एक पांढरा. तो लाल रंग तिच्या माहेरच्या एका मुळीचा. मुळी उकळून त्यात धागा तीन दिवस ठेवायचा. चटई पूर्ण झाली, आणि काठाचे जे धागे उरले त्यांची झाले मी. त्यामुळे माझ्या अंगातही तीन लाल पदर आहेत आणि एक पांढरा. हे लक्षात ठेवा. पुढे याच चार पदरांवर एका बाईचं सगळं अडून राहिलं.

चटई मागितली होती तेते मुचानेतानं. तेते म्हणजे शुवाईच्या नवऱ्याची थोरली बहीण. आमच्याकडे नवऱ्याच्या बहिणीचा शब्द घरात फार मोठा. तिचं सासर दोन टेकड्या पलीकडे. थंडीत जमिनीवर झोपून तिचे गुडघे धरले होते. चटई पाहून ती खूश झाली आणि बदल्यात तिनं एक करडू दिलं. करडू कसलं, नुसती हाडं. आई बाळंतपणात मेलेली, जुळ्यातलं दुसरं मेलेलं. ते इतकं मरतुकडं होतं की तेतेच्या घरी त्याचा कान कापून खूण करायचेही कष्ट कोणी घेतले नव्हते.

"जगलं तर तुझं, मेलं तर माझ्या नावानं बोटं मोडू नकोस," तेते म्हणाली.

शुवाईनं त्याचं नाव ठेवलं मुसीवा. म्हणजे मागं राहिलेली. तिनं तिला ज्वारीची पातळ पेज बोटानं चाटवली. रात्री स्वतःच्या अंगावरच्या कापडात गुंडाळून ठेवली. महिन्याभरानं मुसीवा उभी राहिली, आणि उभी राहताच तिनं पहिलं काम केलं ते सासऱ्यांची टोपी खाण्याचं. त्याच दिवशी मी तिच्या गळ्यात पडले.

शुवाईच्या आईनं तिला सासरी पाठवताना एक गोष्ट सांगितली होती. मुसीवाला चरायला नेताना शुवाई ती स्वतःशीच पुटपुटायची, म्हणून मला पाठ झाली. "घर नवऱ्याचं, शेत नवऱ्याचं, मुलांचं आडनावही नवऱ्याचं. पण हातांचं ते तुझं. चटई विण, मडकं घडव, कोणाचं बाळंतपण कर. त्यातून जे मिळेल त्याला नवराही हात लावू शकत नाही. लावला तर आपल्या आज्यापणज्यांचे आत्मे त्याच्या मागं लागतात." आमच्या लोकांत हा कायदा जुना आहे. साबुकू, म्हणजे आमचा गावप्रमुख, त्यालाही तो मान्य. कायदा चांगलाच आहे, मित्रांनो. फक्त तो बायकांना तोंडपाठ असतो आणि पुरुषांना ऐन वेळी आठवत नाही.

मुसीवा वर्षाची झाली. आता तिचा कान कापून खूण करायची वेळ आली. शेळी कोणाची हे आमच्याकडे कानावरून ओळखतात. प्रत्येक घराण्याची खूण ठरलेली. शुवाईच्या सासरची खूण म्हणजे उजव्या कानाचं टोक फाकवलेलं. शुवाईच्या मनात मात्र वेगळंच होतं. डाव्या कानाला एक छोटं गोल भोक पाडायचं, तापलेल्या तारेनं. तिनं तार चुलीत घातलीसुद्धा होती. तेवढ्यात तेते आली.

"हे काय चाललंय?"

"खूण करतेय, तेते. माझी."

"तुझी?" तेतेनं हात डोक्याला लावला. "अगं बाई, नवरा धडधाकट जिवंत असताना स्वतःची खूण? उद्या गाव म्हणेल, जायरोसीच्या घरात दोन खुणा झाल्या, आता दोन चुली होतील. माझ्या भावाची मान खाली घालायचीय का तुला?"

"पण शेळी माझ्या हातांची आहे ना?"

"तुझीच आहे. कोण नाही म्हणतंय? मीच दिलीय, मला नाही का माहीत? कान तेवढा आमचा काप, म्हणजे तोंडं बंद राहतात."

शुवाईनं चुलीतून तार काढली आणि पाण्यात टाकली. ती चुर्र झाली. मग जायरोसीनं सुरी आणली आणि मुसीवाच्या उजव्या कानाचं टोक फाकवलं. मुसीवा ओरडली. मी गळ्यात होते, म्हणून मला तिचा आवाज आतून ऐकू आला. लाज राखायची म्हणून आमच्या बायका जी चूक आईकडून लेकीकडे देत आल्या आहेत, ती ही. कान त्यांचा कापायचा आणि शेळी आपली समजायची.

जायरोसी वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून टाकते. दूरच्या उसाच्या मळ्यावर कामाला होता. महिन्याअखेर घरी यायचा, बायकोला मारायचा नाही, पिऊन पडायचा नाही. सादझाचा, म्हणजे आमच्या मक्याच्या घट्ट उकडीचा, गोळा मोडता मोडता बायकोला म्हणायचा, "शेळ्या तुझ्याच गं. मला त्यातलं काय कळतंय?" हे तो शंभरदा बोलला असेल. पण नेहमी घरात, चुलीपाशी. घराबाहेर, पुरुष जिथे स्टुलांवर बसतात आणि बायका जमिनीवर, तिथे तो एकदाही बोलला नाही. कोणी त्याला म्हटलं, "जायरोसी, तुझ्या शेळ्या झकास आहेत हं," की तो हसून म्हणायचा, "आहेत बऱ्या." आता यात काय एवढं, असं तुम्हाला वाटेल. मलाही तेव्हा तसंच वाटत होतं.

मुसीवाला करडं झाली, करडांना करडं झाली. पहिल्या वेतानंतर शुवाईला मुलगी झाली, रविरो. तेव्हापासून सगळे शुवाईला माई रविरो, म्हणजे रविरोची आई, म्हणू लागले आणि शुवाई हे नाव फक्त तिच्या आईनं वापरलं. पहाटे उठून ती खांबांवर उभारलेल्या गोठ्यातल्या लेंड्या झाडायची, खूर कापायची, अडलेल्या शेळीच्या पोटात हात घालून करडू फिरवायची. दुष्काळात मैलोन्‌मैल जाऊन बाभळीच्या शेंगा झोडून आणायची. तिच्या हाताला शेळीचा वास होता, तो कधीच जायचा नाही. मला तो आवडायचा.

एकदा सरकारी माणूस लस टोचायला आला. शुवाई गोठ्यात बसली होती, एक शेळी गुडघ्यांत, दुसरी काखेत, तिसरीचा पाय हातात. तो कुंपणाबाहेरून म्हणाला,

"घरात कोणी आहे का?"

"मी आहे की."

"नाही, म्हणजे... मोठं कोणी?"

शुवाईनं स्वतःकडे पाहिलं. "यापेक्षा मोठी मी होईन असं वाटत नाही," ती म्हणाली.

तो हसला नाही. मालक घरी नाहीत, असं वहीत लिहून तो निघून गेला. पुढच्या पंधरवड्यात खोकला आणि जुलाब होऊन तीन शेळ्या मेल्या. त्या पुरताना शुवाई शिव्या देत होती, आणि मी आजवर ऐकलेल्या शिव्यांत त्या सगळ्यांत चांगल्या होत्या.

मग कोणीतरी गावात शेळीपालनाचं शिक्षण देणार असं जाहीर झालं. ते जाहीर झालं पुरुषांच्या बैठकीत. बाकांवर बावीस पुरुष जाऊन बसले. त्यांतल्या निम्म्यांनी आयुष्यात शेळीचा खूर हातात धरला नव्हता. शुवाई आणि आणखी चारपाच जणी लांब झाडाखाली उभ्या राहून ऐकत होत्या, कारण कोणीतरी त्यांना जेवण शिजवायला बोलावलं होतं.

त्याच वर्षी जिल्ह्याचं प्रदर्शन भरलं. मुसीवा तेव्हा ऐन भरात होती. पाठ सपाट, कास भरलेली, डोळ्यांत पाटलिणीचा तोरा. शुवाईनं तिला नदीवर नेऊन धुतलं आणि मलाही धुतलं. जायरोसीचा सदरा कोळशाच्या इस्त्रीनं कडक केला. जायरोसी म्हणाला, "तूच धर की दोरी. तुझीच शेळी."

"लोक काय म्हणतील? नवरा बाजूला आणि मी पुढे?" शुवाई म्हणाली. "तुम्ही धरा. मी कुंपणापाशी उभी राहते."

म्हणून माझं टोक त्या दिवशी जायरोसीच्या हातात होतं. त्याला माझी गाठसुद्धा मारता येईना. परीक्षकानं विचारलं, "शेळी गाभण किती महिने राहते?" जायरोसीनं कुंपणाकडे पाहिलं. शुवाईनं पाच बोटं दाखवली. "पाच," तो म्हणाला. "दुष्काळात काय घालता?" पुन्हा कुंपण. शुवाईनं हवेत काठी झोडून दाखवली. "मारतो," जायरोसी म्हणाला. मग शुवाईनं घाईघाईनं शेंगेचा आकार केला, तेव्हा कुठं गाडी रुळावर आली. त्याला पहिला क्रमांक मिळाला. 'उत्कृष्ट शेळीपालक, जायरोसी' असं लिहिलेला चकचकीत कागद आणि चिखलात घालायचे रबरी बूट. बूट पुरुषांच्या मापाचे. शुवाईचे दोन्ही पाय एका बुटात मावले असते.

घरी येताना दोघं पोट धरून हसत होती. कागद चौकटीत घालून भिंतीवर लागला. मीही त्या दिवशी हसले, कबूल करते. तो कागद पुढे कोणाच्या हातात जाणार आहे हे मला कुठं माहीत होतं?

तीन वर्षांनी मळ्यावर ट्रॅक्टर उलटला आणि जायरोसी त्याखाली गेला.

शुवाई कशी रडली ते मी सांगणार नाही. ते तिचं आहे. वर्षभर तिनं काळे कपडे घातले, आणि वर्षभर मुसीवाच्या मानेत तोंड खुपसून ती जे बोलायची ते माझ्या पिळात मुरलं आहे. एवढंच सांगते की त्या वर्षात एकही शेळी उपाशी राहिली नाही.

वर्ष सरलं की आमच्याकडे मेलेल्याचा आत्मा घरी आणण्याचा विधी होतो. नाचणीची दारू सात दिवस आधी घालतात, सगळे नातेवाईक येतात, आणि त्याच दिवशी त्याच्या मागं राहिलेलं वाटतात. कपडे, कुऱ्हाड, कुदळ. आणि बायको. होय, मित्रांनो, बायकोसुद्धा. विधवेच्या हातात नवऱ्याची काठी देतात. ती काठी तिनं नवऱ्याच्या ज्या भावाला द्यायची, तो तिचा नवा नवरा. कोणीच नको असेल तर ती काठी नणंदेला द्यायची. एवढी सोय आहे.

जायरोसीचा धाकटा भाऊ चामुनोर्वा शहरात गाडी चालवायचा. बारा वर्षांत तो तीनदा आला असेल, आणि तिन्ही वेळा जेवायला. या वेळी तो आदल्या दिवशीच आला. आल्या आल्या त्यानं गोठ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि सकाळी विधीला शेळी हवी म्हणून आत शिरला. बाकीच्या शेळ्या त्याला पाहून उधळल्या. मुसीवा म्हातारी झाली होती, तिचे पुढचे दात पडले होते, आणि माझं टोक कोणीही धरलं तरी ती त्याच्यामागं जायची. त्यानं माझं टोक धरलं.

"भाऊजी, ही नको," शुवाई धावत आली. "तो खच्ची बोकड घ्या, तो विधीसाठीच ठेवलाय. हिचं मांस शिजणारही नाही."

"माझ्या भावाची शेळी, माझ्या भावासाठी," चामुनोर्वा म्हणाला. "त्यात तुमचं काय गेलं, वहिनी?"

"माझी आहे ती!"

"नवऱ्याच्या विधीला शेळी नाकारता? लोक बघताहेत."

लोक बघतच होते. या 'लोक बघताहेत'नं आमच्या बायकांचे जेवढे हात बांधले तेवढे जगातल्या सगळ्या दोऱ्यांनी मिळून बांधले नसतील. शुवाई तिथेच थांबली. मी मुसीवाच्या गळ्यात होते. तिला ओढण्यासाठी त्यांनी मलाच वापरलं. जन्मभर मी तिला चरायला नेलं, पाण्यावर नेलं, प्रदर्शनात मिरवलं, आणि शेवटी मीच तिला तिकडेही नेलं. मला सुटून जाता आलं नाही, ही माझी लाज मी अजून विसरलेली नाही. मग कोणीतरी मला काढून कुंपणावर फेकलं.

मांस खरंच शिजलं नाही. तरी सगळ्यांनी खाल्लं. खाऊन हात पुसले, आणि मग वाटणीला बसले.

पुरुष स्टुलांवर, बायका जमिनीवर. साबुकू मधे. कपडे वाटून झाले. मग शुवाईच्या हातात जायरोसीची काठी दिली. ती उठली आणि पुरुषांच्या रांगेवरून चालत गेली. चामुनोर्वानं पाय जरा लांब केले आणि हात पुढे केला. ती त्याच्यासमोरून गेली, थांबलीही नाही. बायकांत बसलेल्या तेते मुचानेतासमोर तिनं गुडघे टेकले आणि काठी तिच्या मांडीवर ठेवली.

कोणीतरी खोकलं. चामुनोर्वाचा चेहरा पडला, पण तो लगेच सावरला.

"बरं. बाई नको म्हणते तर नको. तिच्यावर कोणी जबरदस्ती केली नाही, साबुकू, तुम्ही बघितलंत," तो म्हणाला. "शेळ्या तेवढ्या मी उद्या गाडीत घालून नेतो."

"शेळ्या माझ्या हातांच्या आहेत," शुवाई म्हणाली.

"हातांच्या?" तो उठला आणि घरात गेला. येताना चौकटीतला तो कागद घेऊन आला. "साबुकू, मोठ्यानं वाचा. 'उत्कृष्ट शेळीपालक' कोण? शुवाई लिहिलंय का कुठं? आणि गोठ्यात जाऊन कान बघा. तेराच्या तेरा कान आमच्या घराण्याचे. वहिनी, हात तुमचे असतील, कान आमचेच आहेत!"

पुरुष हसले. हसण्यासारखं काय होतं, ते मला आजवर कळलेलं नाही.

रविरो तेव्हा दहा वर्षांची होती. तिनं गपचूप जाऊन गोठ्याचं दार उघडलं. तेराही शेळ्या बाहेर आल्या, माणसांमधून, दारूच्या मडक्यांमधून वाट काढत आल्या आणि शुवाईभोवती उभ्या राहिल्या. एकीनं तिच्या डोक्यावरचा रुमाल चघळायला घेतला. मला वाटलं, झालं, निकाल लागला! पण साबुकू मान हलवून म्हणाला, "शेळी मीठ देणाऱ्याच्या मागं जाते. म्हणून मालकी ठरत नाही. बाईच्या हातांचं ते तिचं, हा कायदा मला मान्य आहे, माई रविरो. पण पहिली शेळी तुझ्या हातांनी आली, याला साक्षीदार कोण?"

शुवाईनं तेतेकडे पाहिलं.

तेते खाली पाहत होती. काठी मांडीवर, ओठ घट्ट मिटलेले. अकरा वर्षांपूर्वी 'कोण नाही म्हणतंय?' असं विचारणारी ती हीच. आता भर सभेत सगळेच नाही म्हणत होते आणि ती गप्प होती. मला इतका संताप आला की कुंपणावर माझा पीळ सुटायचा राहिला. पण मग मी समोर पाहिलं. पुरुषांत तेतेचा नवरा बसला होता. तेतेच्या घरीही पाच शेळ्या होत्या आणि कोंबड्यांचा कळप होता, सगळं तिच्या चटया-मडक्यांतून आलेलं, आणि सगळ्यांच्या कानांवर नवऱ्याची खूण. ती इथे जे बोलेल ते तिच्या अंगणातही लागू होणार होतं. भावांशी वैर आणि घरी नवऱ्याशी. साठी उलटलेल्या बाईनं एका दुपारी इतकं अंगावर घ्यायचं होतं.

शुवाई उठली. ती कुंपणापाशी आली आणि तिनं मला उचललं. तिच्या हाताला तोच वास होता. तिनं मला नेऊन तेतेच्या मांडीवर, काठीच्या शेजारी ठेवलं.

"तेते, ही कशाची आहे?" एवढंच तिनं विचारलं.

तेतेनं मला पाहिलं नाही. तिच्या अंगठ्यानं पाहिलं. अंगठा माझ्यावरून फिरला: लाल, लाल, लाल, पांढरा. बारा वर्षं झोप येत नसली की त्याच अंगठ्यानं तिनं चटईचा काठ असाच कुरवाळला होता. तो थांबला. मग पुन्हा फिरला.

"माझ्या चटईची आहे," तेते हळू म्हणाली.

"मोठ्यानं," साबुकू म्हणाला.

"माझ्या चटईची आहे!" तेते उभी राहिली. "बारा वर्षं मी हिच्या चटईवर झोपतेय. बदल्यात मी एक मरतुकडं करडू दिलं, जे माझ्या घरी कोणाला नको होतं. तीच मुसीवा. सकाळी तुम्ही खाल्लीत ती. खात्री नसेल तर कोणालातरी पाठवा, चटई अजून घरात आहे. काठ आणि दोरी शेजारी ठेवून बघा."

"ताई!" चामुनोर्वा ओरडला. "आणि मग कानाची खूण?"

"ती मी करायला लावली. ही तार तापवून बसली होती, मीच म्हटलं भावाची मान खाली जाईल. मूर्ख मी."

"तू आमच्या रक्ताची आहेस का या परक्या बाईची?"

"मी मेलेल्याच्या बाजूची आहे. माझा भाऊ हिच्या शेळीचं दूध पीत होता, त्याला पाठीमागून चोर ठरवू नकोस. हातांचं लुबाडलंस तर हिच्या आज्यापणज्या तुझ्या गाडीत येऊन बसतील, शेळ्यांबरोबर. बघ, जागा पुरतेय का."

बायकांमधून खसखस पिकली. पुरुषांतून तेतेचा नवरा गुरगुरला, "घरी चल तू. बघतो तुला."

"चला की," तेते म्हणाली. "मलाही घरी बरंच बघायचंय. पाच शेळ्या आहेत तिथे."

चटई आणायला माणूस गेला आणि ऊन उतरायच्या आत आला. साबुकूनं तिचा काठ उलगडला आणि मला त्यावर आडवी ठेवली. माझी जागा मला ओळखू आली. साबुकूनं चष्मा वर केला, खाली केला, आणि मग उभा राहून जाहीर केलं, "ठरलं. तेराही शेळ्या माई रविरोला दिल्या."

बायकांनी आनंदानं आरोळी ठोकली. शुवाईनं मात्र ठोकली नाही. ती अजून गुडघ्यांवरच होती, रीतीप्रमाणे टाळ्या वाजवून तिनं मान झुकवली आणि म्हणाली,

"साबुकू, दिल्या म्हणू नका. माझं मला कोण देणार? त्या तिच्याच होत्या, असं म्हणा."

आरोळी थांबली.  साबुकू खाकरला आणि म्हणाला, "त्या तिच्याच होत्या." आणि मुसीवाच्या बदल्यात चामुनोर्वानं एक तरुण शेळी आणून द्यावी असंही त्यानं सांगितलं.

दोन पावसाळे झाले, ती शेळी अजून आलेली नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण आम्हा दोऱ्यांवरून निघाली असली तरी लागू पडते ती चामुनोर्वासारख्यांना. आणि आली तरी ती मुसीवा नसेल.

आता शुवाईच्या करडांच्या डाव्या कानाला छोटं गोल भोक असतं. पहिलं भोक पाडताना तेते स्वतः तार धरून उभी होती. तिच्या घरी काय झालं ते मला पुरतं माहीत नाही. ती सुजलेलं तोंड घेऊन शुवाईकडे आली, दोन महिने राहिली, आणि परत गेली तेव्हा तिच्या पदराला एक तार बांधलेली होती.

परवा तो लसवाला पुन्हा आला. शुवाई गोठ्यात होती, करडू गुडघ्यांत, आणि त्याच्या गळ्यात मी. तो कुंपणाबाहेरून म्हणाला, "मालक आहेत का घरात?"

शुवाई उठलीसुद्धा नाही. "समोर बसलीय," ती म्हणाली. "वही काढा. नाव शुवाई. आणि सुई आधी उकळून घ्या."

मित्रांनो, मी आता फार दिवस टिकणार नाही. रविरोनं नवी दोरी वळायला घेतली आहे, तीन लाल, एक पांढरा. मला जपून ठेवा असं मी म्हणत नाही. दोरी झिजायचीच. माझं मागणं वेगळं आहे. तुमच्याही घरामागं शेळी असेल, चार कोंबड्या असतील, परसात भाजी असेल. ती कोणाच्या हातांची, असं एकदा विचारा. घरात उत्तर मिळेल, "तिचीच, कोण नाही म्हणतंय?" तेवढ्यावर थांबू नका. जायरोसीही तेच म्हणायचा. तेच उत्तर अंगणात, चार माणसांत, मोठ्यानं द्यायला लावा, आणि माणूस जिवंत असताना द्यायला लावा. मागून मग दोरीला साक्ष द्यावी लागते. दोरीला तोंड नसतं, आणि दरवेळी चटई शाबूत असतेच असं नाही.